मादाम ब्लाव्हाट्स्की १९८६ साली ‘निर्दोष’ ठरल्या नव्हत्या

८ मे, म्हणजे थिऑसफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या सहसंस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांचा स्मृतिदिन, जवळ आला की एक लांबलचक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे. अतींद्रिय घटनांची चौकशी करणाऱ्या लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने १९८६ मध्ये माफी मागून त्यांना निर्दोष ठरवले. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ हा त्यांचा ग्रंथ एका अतिप्राचीन तिबेटी पोथीवर आधारलेला आहे. आइन्स्टाइन तो ग्रंथ कायम टेबलावर ठेवत. जगाला आणि गांधीजींनाही गीता कळली ती ब्लाव्हाट्स्कींमुळे. काँग्रेस त्यांच्याच संस्थेने स्थापन केली. आणि वंशभेदाच्या काळात विश्वबंधुत्व सांगणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

या बाईंबद्दल मला आकस नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत संस्थेचे दुसरे संस्थापक कर्नल ऑल्कॉट यांच्यासोबत त्या मुंबईत उतरल्या आणि युरोपियन वस्ती सोडून गिरगावात हिंदी लोकांमध्ये राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसफिस्ट’ मासिक त्यांनी मुंबईतूनच सुरू केले. त्या काळी गोऱ्या बाईने हे करणे सोपे नव्हते. म्हणूनच त्यांच्या नावावर खोटे श्रेय चढवले जाते तेव्हा वाईट वाटते. त्या श्रेयाखाली त्यांनी खरोखर केलेले काम झाकले जाते, आणि ज्यांच्या कामावर त्या उभ्या राहिल्या ती माणसेही.

आधी १९८६ चे प्रकरण. ते समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते. थिऑसफिकल सोसायटीच्या मद्रासजवळच्या अड्यार येथील मुख्यालयात काम करणाऱ्या एमा कुलोम आणि त्यांचे पती यांनी ब्लाव्हाट्स्कींची म्हणून काही पत्रे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाला दिली. सप्टेंबर १८८४ मध्ये ती छापून आली. ‘महात्म्यांची’, म्हणजे ब्लाव्हाट्स्की सांगत त्या हिमालयातल्या गुप्त गुरूंची, पत्रे आणि चमत्कार हा बनाव असून त्यात आपलाही हात होता, असे कुलोम दांपत्याचे म्हणणे होते. मासिक मिशनऱ्यांचे होते आणि त्यांचा हेतू उघड होता, हे मान्य. सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने चौकशीसाठी रिचर्ड हॉजसन यांना हिंदुस्थानात पाठवले. १८८५ च्या अहवालात त्यांनी ब्लाव्हाट्स्कींना इतिहासातल्या अत्यंत कुशल भोंदूंपैकी एक ठरवले, वर त्या रशियाच्या हेर असाव्यात असा तर्कही जोडला.

एप्रिल १९८६ मध्ये याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांचा लेख आला. हॅरिसन बनावट दस्तऐवजांचे जाणकार होते. हॉजसनचा अहवाल पक्षपाती आहे, पुराव्याऐवजी तर्कावर उभा आहे आणि त्यातली हस्ताक्षराची तपासणी विश्वासार्ह नाही, असे त्यांनी मांडले. महात्म्यांची पत्रे ब्लाव्हाट्स्कींनी अक्षर बदलून लिहिल्याचा पुरावा आपल्याला सापडत नाही, असेही ते म्हणाले. लेख जोरकस आहे. हॉजसनचे नाव घेऊन ब्लाव्हाट्स्कींना निकालात काढणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा.

पण तो लेख एका सदस्याचा आहे. ही सोसायटी संस्था म्हणून अशा प्रश्नांवर मत देत नाही, लेखातल्या मताची जबाबदारी लेखकाची असते. दिलगिरी हॅरिसन यांनी व्यक्तिशः व्यक्त केली होती. ती पुढे ‘संस्थेची माफी’ होऊन बसली. शिवाय हॅरिसन यांचा विषय होता हॉजसनचा अहवाल आणि अक्षर. चमत्कार खरे होते असा निर्वाळा त्यांनी दिलेला नाही. कुलोम यांच्याकडची मूळ पत्रे आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे ती खरी की बनावट हे आता कोणत्याच बाजूला तपासता येत नाही. फिर्यादीचा तपास सदोष निघाला तर आरोप सिद्ध झाला नाही एवढेच म्हणता येते.

हॉजसन बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. १८८३ मध्ये, म्हणजे त्याच्या अहवालाच्या दोन वर्षे आधी, हेन्री किडल या अमेरिकन व्याख्यात्याने तक्रार केली की महात्मा कुथुमी यांच्या छापील पत्रात आपल्या १८८० च्या भाषणातला उतारा नाव न देता आला आहे. दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून कोणीही पाहू शकत होता. महात्म्यांकडून खुलासा असा आला की पत्र मनाने सांगितले होते, उतरवून घेणाऱ्या शिष्याकडून काही भाग गळला. हा खुलासा पटवून घ्यायला आधीच श्रद्धा लागते.

‘अतिप्राचीन पोथी’चा दावा याच्याशीच जोडलेला आहे. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ १८८८ मध्ये दोन खंडांत आला. त्याचा गाभा म्हणजे ‘झ्यान’ नावाच्या पोथीतले श्लोक. ती पोथी कोणत्याही ग्रंथालयात नाही, कोणाही अभ्यासकाने पाहिलेली नाही आणि तिची ‘सेन्झार’ भाषा भाषाशास्त्राला ठाऊक नाही, हे खुद्द लेखिकाच सांगतात. याउलट ग्रंथातले जे तपासता येते ते छापील पुस्तकांतले निघते. विल्यम एमेट कोलमन यांनी १८९५ च्या लेखात दाखवले की या ग्रंथाचा मोठा आधार म्हणजे विल्सन यांचे विष्णुपुराणाचे इंग्रजी भाषांतर आणि विंचेल यांचे विश्वोत्पत्तीवरचे पुस्तक. आधीच्या ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये तर त्यांनी श्रेय न देता घेतलेले सुमारे २,००० उतारे मोजले. कोलमन हे ब्लाव्हाट्स्कींचे कडवे विरोधक होते, त्यांनी कबूल केलेले सविस्तर पुस्तकही कधी आले नाही, म्हणून त्यांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. विष्णुपुराण मात्र आजही मिळते, ते उघडून ताडून पाहता येते.

आणि इथे एक नाव येते, ते मराठी वाचकाने विसरू नये: काशिनाथ त्र्यंबक तेलंग. मुंबईचे वकील, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश. गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचा त्यांचा इंग्रजी अनुवाद मॅक्सम्युलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेत १८८२ मध्ये आठवा खंड म्हणून निघाला. ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये अनुगीतेचे उतारे येतात ते याच अनुवादातून. हिमालयातल्या गुप्त गुरूंच्या कथा घरोघरी पोचतात, आणि कोर्टाचे काम सांभाळून संस्कृत ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्या तेलंगांचे नाव त्या मजकुरात एकदाही नसते, याचा मला राग येतो.

म्हणून ‘जगाला गीता कळली’ हे वाक्य टिकत नाही. चार्ल्स विल्किन्स यांचे इंग्रजी भाषांतर १७८५ चे आहे. गांधीजींनी लंडनमध्ये गीता वाचली ती एडविन अर्नोल्ड यांच्या पद्यानुवादात. हे अर्नोल्ड पुण्यात पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मात्र गांधीजींना त्या वाचनाला बसवणारे दोघे जण थिऑसफिस्ट होते, हे खरे आहे. आत्मकथेत ते लिहितात की गीता तोवर संस्कृतात किंवा गुजरातीत वाचली नव्हती याची त्यांना लाज वाटली. त्या दोघांनीच त्यांची ब्लाव्हाट्स्कींशी भेट घडवली. त्यांचे ‘की टू थिऑसफी’ वाचून हिंदू धर्मावरची पुस्तके वाचायची इच्छा झाली आणि हा धर्म म्हणजे अंधश्रद्धांचे आगर हा मिशनऱ्यांनी रुजवलेला समज गेला, असेही गांधीजी सांगतात. एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे आणि ते पुराव्यानिशी देता येते.

आइन्स्टाइनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हा दावा ऐकीव आठवणींवर उभा आहे. आपल्या विचारांवर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आणि अर्न्स्ट माख यांचा प्रभाव पडल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे.

काँग्रेसचेही तसेच. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम काही काळ थिऑसफिस्ट होते, पण काँग्रेस भरण्याआधीच त्यांचे ब्लाव्हाट्स्कींशी बिनसले होते. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले, तेव्हा ब्लाव्हाट्स्कींना हिंदुस्थान सोडून महिने लोटले होते. त्या सभेमागे पुण्याची सार्वजनिक सभा, कलकत्त्याची इंडियन असोसिएशन, मद्रासची महाजन सभा आणि मुंबईची प्रेसिडेन्सी असोसिएशन यांसारख्या संस्थांची बांधणी होती.

राहिले विश्वबंधुत्व. वंश, धर्म, लिंग, जात आणि वर्ण न मानणारे बंधुत्व हे थिऑसफिकल सोसायटीचे पहिले उद्दिष्ट आहे, आणि जातीने ग्रासलेल्या समाजात त्याचा अर्थ मोठा होता. पण ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’चा दुसरा खंड मानववंशांची उतरंड लावतो. त्यात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांसारख्या जमाती नष्ट होणे ही कर्माची अपरिहार्यता ठरवली आहे, आणि असा ऱ्हास दर वेळी वसाहतवाल्यांच्या क्रौर्यामुळेच होतो असे म्हणणे चूक आहे, असेही म्हटले आहे. टास्मानियात घडले ते असे: १८२८ मध्ये वसाहतीच्या गव्हर्नरने तिथे लष्करी कायदा लावला, मूळ रहिवाशांना पकडून देणाऱ्यांना बक्षिसे जाहीर झाली, आणि वाचलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले, जिथे त्यांतले बहुतेक मेले. हे सारे ग्रंथ निघण्याच्या सुमारे अर्धशतक आधीचे आणि सरकारी कागदांत नोंदलेले. त्या लोकांचे वंशज आजही टास्मानियात आहेत आणि आपली भूमी परत मागत आहेत.