‘आठ दिवसांत गोटी फुटली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून नेलेली १९ची गोटी (नटावर बसवायचं १९ मिमीचं सॉकेट) आठ दिवसांत फुटली, रॅचेट (गोटी लावून नट फिरवायचा दांडा) महिनाभरात घसरायला लागलं, आणि दोन्ही घेऊन आलात तर ‘वॉरंटीत बसत नाही’ एवढंच ऐकून परत जावं लागलं. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना) काम झालं की रोज स्केलवर खालच्या आकड्यावर आणून ठेवा असं सांगणं ही आमची पळवाट आहे, असंही लिहिलंत. आणि शेवटी, ‘विकताना गोड बोलतात, नंतर ओळखही दाखवत नाहीत.’ हे शेवटचं वाक्य फार लागलं, म्हणून काउंटरवरच्या मुलावर न सोपवता उत्तर मी स्वतः लिहितोय.

तुम्ही रागात गोटी आणि रॅचेट काउंटरवरच ठेवून गेलात. काल रात्री दुकान बंद केल्यावर दोन्ही दिव्याखाली घेऊन बसलो. गोटीला तोंडापासून खाली उभी चीर गेलीय, नेमकी आतल्या एका कोपऱ्यातून. उलटी करून मागचं चौकोनी भोक पाहिलं, तर त्याच्या कडा एकाच बाजूला दबून चकाकत होत्या. हाताने कितीही जोर लावला तरी अशी खूण उठत नाही. ही इंपॅक्ट गनच्या, म्हणजे ठोके मारत नट फिरवणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यांची खूण आहे.

चकचकीत क्रोमची गोटी हाताने वापरायची असते. अडचणीच्या जागी शिरावी म्हणून तिची भिंत पातळ ठेवतात आणि कोपरे झिजू नयेत म्हणून पोलाद चांगलं कडक करतात. बहुतेक वेळा ते क्रोम व्हॅनेडियमचं असतं. गन मात्र नट सलग फिरवत नाही, आतला हातोडा मिनिटाला शेकडो ठोके मारतो, बऱ्याच गनमध्ये हजारावर. कडक पोलादाला त्या ठोक्यांत दबायला वाव नसतो, ते तडकतं. गनची गोटी काळी येते, जाड भिंतीची, बहुधा क्रोम मॉलिब्डेनमची, कडकपणा जरा कमी ठेवलेला. ती दणका सोसते. तिच्या मागच्या बाजूला पिन आणि रबरी रिंग लावायला आरपार भोकही असतं, म्हणजे काम चालू असताना ती गनवरून निसटून उडत नाही.

हे लिहून तुम्हाला खोटं पाडायचं नाहीये. दुकान टाकण्याआधी मी अकरा वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय. गाडी जॅकवर, मालक डोक्यावर उभा, अशा वेळी हाताला येईल ती गोटी गनला लागते. मीही लावली होती. ती फुटली आणि तुकडा गालावर बसला, डोळ्याच्या दोन बोटं खाली. व्रण आजही आहे. म्हणून तीच गोटी तुम्हाला मुकाट्याने बदलून दिली असती तर तुमचा राग गेला असता, पण मला झोप लागली नसती.

आता आमची चूक. त्या दिवशी आमच्या माणसाने तुम्हाला ‘कामाला गन वापरता का?’ एवढं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. वर बारा कोनी गोटी दिली, ‘कुठल्याही कोनात बसते’ म्हणून. बसते हे खरं, दर ३० अंशांवर बसते, आणि हात जेमतेम शिरतो तिथे तिचा उपयोगही होतो. पण ती नटाला कोपऱ्यांजवळच धरते. चाकाच्या गंजलेल्या नटाला सहा कोनी गोटीच हवी, कारण चांगल्या घडणीची सहा कोनी गोटी जोर कोपऱ्यावर न टाकता सपाट बाजूवर टाकते. एकदा नट गोल झाला की पुढचा अर्धा दिवस छिन्नी नाहीतर वेल्डिंग. तुम्ही चाकांचंच काम जास्त करता हे बिल बघूनही कळत होतं. आणि ‘वॉरंटीत बसत नाही’ असं म्हणताना चीर दाखवून कारण सांगायला हवं होतं, तेही झालं नाही. याबद्दल मनापासून माफी मागतो.

रॅचेटचं वेगळं निघालं. मागची प्लेट खोलली तर आत व्हील बेअरिंगचं ग्रीस ठासून भरलेलं. कोणीतरी, बहुतेक तुमच्याकडच्या पोराने, काळजीपोटीच भरलं असणार, त्याला रागावू नका. हे रॅचेट ७२ दातांचं आहे, ५ अंश फिरलं की पुढचा दात पकडतं, म्हणूनच अडचणीत बरं पडतं. पण इतके बारीक दात म्हटल्यावर आतला खटका आणि त्याची स्प्रिंगही नाजूक. घट्ट ग्रीसमध्ये खटका चिकटतो, वेळेवर परत येत नाही, दात अर्धवट धरतो आणि जोर आला की घसरतो. रॉकेलमध्ये धुतलं, कोरडं केलं, पातळ तेलाचे चार थेंब टाकले. दातांना काही झालेलं नाही, आता टकटक स्पष्ट वाजतंय. एक मात्र कळकळीने सांगतो, दांड्यावर ओरखडे आहेत, म्हणजे त्यात पाईप घालून जोर लावलाय. जाम नट सोडवायला ब्रेकर बार घ्या, तो सरळ पोलादी दांडा असतो, आत मोडण्यासारखं काही नाही. नट सैल झाला की मग रॅचेट.

टॉर्क रेंचबद्दल काउंटरवरचा मुलगा बरोबर बोलला, पण का ते सांगितलं नाही. ठरवलेला जोर आला की क्लिक होणाऱ्या रेंचमध्ये स्प्रिंग असते. ती दाबलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पेटीत राहिली तर ढिली पडते आणि क्लिक चुकीच्या जोरावर होतो. म्हणून काम झालं की रेंच स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणायची, त्याच्याही खाली सैल करायची नाही. नट सोडवायला ती वापरायची नाही. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे १० न्यूटन मीटरच्या (हे आवळण्याच्या जोराचं माप) वरच्या अशा रेंचला ४ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १००ला ९६ ते १०४. वेगळी मुदत ठरवलेली नसेल तर ५,००० क्लिक किंवा १२ महिने, जे आधी होईल तेव्हा तपासून घ्यायची. चाकाच्या नटांवर माणसांचे जीव असतात दादा, हे मी माल खपवायला सांगत नाही.

‘महागडंच गळ्यात मारतात’ असंही तुम्ही लिहिलंय. माझं मत उलट आहे. दोनशे नगांचा सेट घेऊच नका, त्यातले निम्मे नग वर्षभर हात लागल्याशिवाय पडून राहतात. रोज हातात येणारे १०, १२, १३, १४, १७, १९ तेवढे उत्तम घ्या, रॅचेट आणि स्क्रूड्रायव्हर उत्तम घ्या. हातोडी, छिन्नी साधी चालते, फक्त छिन्नीचं डोकं फुलून कडा बाहेर आल्या की आधी घासून काढा.

१९ची काळी, सहा कोनी, खोल गोटी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय, तिचं काही द्यायचं नाही. रॅचेट तिच्या शेजारीच आहे. संध्याकाळी सातनंतर मी स्वतः काउंटरवर असतो. येताना टॉर्क रेंच घेऊन या, आपल्या टेस्टरवर तुमच्यासमोर लावून बघू, आणि ४ टक्क्यांच्या बाहेर निघाली तर ती बदलून देणं माझ्याकडे लागलं.