कागद उलटा ठेवून बोल

आज संध्याकाळी मी मुलीच्या खोलीबाहेर वीस मिनिटे उभी होते. न्यू जर्सीतल्या तिच्या हायस्कूलमध्ये तिचे हे स्पॅनिशचे चौथे वर्ष. दोन मिनिटे बोलून ते ऑनलाइन रेकॉर्ड करणे हा आजचा गृहपाठ होता. तिने आधी सगळे लिहून काढले, भाषांतराच्या अ‍ॅपमधून तपासून घेतले आणि मग तेच नऊ वेळा वाचले, कारण रेकॉर्डिंग कितीही वेळा पुसता येते. याला बोलण्याचा सराव म्हणायचे? मला मनापासून संताप आला.

गेल्या उन्हाळ्यातली, न्यू जर्सीतल्याच पर्थ अंबॉय शहरातली बेकरी डोळ्यांपुढून हलत नाही. गल्ल्यावरच्या मेक्सिकन बाईंनी तिला ‘पारा येवार?’, म्हणजे ‘बरोबर न्यायचे आहे का?’, एवढेच विचारले आणि अ‍ॅपवर सलग चारशे दिवस धडे केलेली माझी मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. शब्द तिला येत होते, पण समोरचे माणूस थांबलेले असताना उत्तर देण्याची सवयच नव्हती.

एपी स्पॅनिशच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत तरी वेगळे काय असते? संभाषणात पाच वेळा उत्तर द्यायचे, प्रत्येक वेळी २० सेकंदांत. तिथे काही पुसता येत नाही. मग घरच्या सरावात शिक्षक एकच संधी का देत नाहीत? आठवड्यातून दहा मिनिटे व्हिडिओ कॉलवर एखादे जिवंत माणूस का बसवत नाहीत? लाजऱ्या मुलांना एकट्याने रेकॉर्ड करणे सोपे जाते, हे मान्य. पण त्या बेकरीत तिला एकटीलाच बोलायचे होते आणि तिथे रेकॉर्डर नव्हता.

तिच्यावर रागावण्यात मात्र अर्थ नव्हता. मी आत जाऊन कागद उलटा ठेवला आणि त्या बेकरीतले तुला काय आवडते ते स्पॅनिशमध्ये सांग, म्हटले. ‘मे गुस्ता’ची रचना थेट आपल्या ‘मला आवडते’सारखी आहे, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ती उलटी वाटते, आमच्या घरात ती रोज बोलली जाते. मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, ‘मे गुस्तान लास कोंचास.’ कोंचा म्हणजे मेक्सिकन गोड पाव; ते अनेक, म्हणून ‘गुस्तान’, जसे आपले ‘आवडतात’. पुढची चार वाक्ये अडखळत आली, पण तिची स्वतःची होती.

शनिवारी पुन्हा पर्थ अंबॉयला जायचे ठरले आहे. मी गाडीतच बसून राहणार आहे.