नीतिशास्त्राचा प्राध्यापक आणि मोबदल्यातील टक्केवारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वकीलसाहेब,

विधी महाविद्यालयात वकिलीचे नीतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांच्या निवृत्तीनिमित्त मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. ज्याने उमेदीची वर्षे न्यायालयात नव्हे तर वर्गात घालवली त्याने वकिलांना नीती शिकवू नये, तो विषय प्रत्यक्ष वकिली करणाऱ्यांनीच शिकवावा, आणि टक्केवारीवरची, म्हणजे पक्षकाराला मिळणाऱ्या मोबदल्यातले ठरावीक टक्के फी म्हणून घेण्याच्या वकिलांच्या प्रथेवरची, सरांची टीका शहरी आहे, कारण टक्केवारी नसती तर गोसीखुर्द धरणात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला वकीलच मिळाला नसता, असे आपले म्हणणे आहे. शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर असल्याने त्यावर मी सविस्तर लिहीत आहे.

सरांनी वकिली सोडली ती चालत नव्हती म्हणून नव्हे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचाच, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचाच, नियम आहे. उलट, वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे, त्यामुळे आपली सूचना अशक्य मुळीच नाही आणि बरेच वकील उत्तम शिकवतातही. परंतु वकिलांच्या गैरवर्तनाविषयी रोज त्याच बाररूममध्ये, म्हणजे न्यायालयातील वकिलांच्या खोलीत, बसणाऱ्या, त्याच सहकाऱ्यांसमोर उभे राहणाऱ्या माणसाने किती मोकळेपणाने बोलावे, याला मर्यादा पडतात. गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणाऱ्या शिस्तपालन समितीचे तिन्ही सदस्यही वकीलच असतात. अशा वेळी ज्याला सगळे नियम ठाऊक आहेत, पण ते पाळले काय आणि मोडले काय, ज्याच्या मिळकतीत काही फरक पडत नाही, असा एक तरी जाणकार जिल्ह्यात असावा लागतो. सरांच्या कारकिर्दीचे मोल मला तिथे दिसते.

आता टक्केवारी. कायद्याच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतिशास्त्राचा पेपर सक्तीचा आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून दिला जातो. सर आम्हाला एक कोरा ताव देत आणि एका काल्पनिक पक्षकाराचा हिशेब लिहायला लावत : धानाची दोन एकर जमीन धरणात गेली, वाढीव मोबदल्याचा दावा लागला, रक्कम न्यायालयात जमा झाली; आता पक्षकाराकडून कोणत्या तारखेला किती घेतले, टंकलेखनाला किती गेले, फी म्हणून किती वळते केले आणि त्याच्या हाती किती पडले, ते दाखवा. पक्षकाराच्या पैशाचा असा तारीखवार हिशेब ठेवणे हे नियमानुसार वकिलाचे कर्तव्यच आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी फीच्या रकान्यात सरळ टक्के लिहिले होते, कारण घरी, नात्यात आणि चहाच्या टपरीवर आम्ही तेच ऐकत आलो होतो. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, ‘हा आकडा ठरला तेव्हा मोबदला किती येणार हे कोणाला माहीत होते, वकिलाला की शेतकऱ्याला?’

त्या प्रश्नात सगळा वाद आला. निकालावर अवलंबून फी ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, हा नियम त्या अज्ञानाचा फायदा उठवला जाऊ नये म्हणूनच आहे. बी. सुनीता प्रकरण आपल्याला माहीत असेलच. पती अपघातात गेलेल्या बाईकडून नुकसानभरपाईतल्या वाट्यापोटी वकिलाने धनादेश घेतला आणि तो न वटल्यावर तिच्यावरच फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती कारवाई रद्द केली आणि मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी मागणे हे सार्वजनिक धोरणाच्या व व्यावसायिक नीतीच्या विरुद्ध ठरवले. तेव्हा हा शहरी प्राध्यापकाचा हट्ट आहे, असे म्हणता येणार नाही.

तरीही आपल्या म्हणण्यातला एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो. जमीन गेलेल्या माणसाकडे आगाऊ फी नसते, आणि निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून खर्च करणारे प्रामाणिक वकील आपल्याच भागात आहेत. सर हे वर्गात नेहमी सांगत. अमेरिकेत अशी फी चालते, पण तिथे पक्षकाराच्या सहीचा लेखी करार लागतो, हेही त्यांनीच शिकवले. त्यांचा आक्षेप उशिरा घेतलेल्या फीला कधीच नव्हता. ठरावीक रक्कम आधी लिहून ठेवा, पावती द्या, आणि पैसे आल्यावर घ्या, एवढेच ते सांगत. बँकेतून पैसे काढण्याच्या कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आधीच घेतलेली सही किंवा अंगठा मात्र त्यांना कोणत्याही कारणाने मान्य नव्हता, आणि मलाही नाही.

शेवटी, शेतकऱ्याला वकीलच मिळाला नसता, या वाक्याविषयी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. ज्या घरात सातबाऱ्यावर विधवेचे नाव आहे, तिला हे आधी कोणी सांगितले होते का, हे आपल्या बाररूममध्ये विचारून पाहावे. तेथील उत्तर आपण येथे लिहिलेत, तर त्यावर मी अवश्य पुढे लिहीन.

आपला,
लेखक