विषय क्रमांक चार : ड्रॅगन

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. आठवडाभर प्रोसिडिंग लिहितो. 'साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते ठरले' हे वाक्य माझ्या हाताला इतकं बसलंय, की वाण्याच्या यादीतही येईल. ती चर्चा कधी होते म्हणाल, तर ठराव लिहून झाल्यावर. त्यामुळं भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, रविवारी या की, ड्रॅगन मारायचाय," तेव्हा मला भरूनच आलं.

खेळ असा, की प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. भाचा गोष्ट सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. अमेरिकेत हे १९७४ पासून चाललंय म्हणे. राजेरजवाडे सगळेच घेतात म्हणून भाच्यानं आपलं जग जुन्या रोमच्या प्रजासत्ताकावरून रचलं, वर थोडी जादू शिंपडली आणि डोंगरात एक ड्रॅगन बसवला. रोम त्याच्या डोक्यात शिरलं ते आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममुळं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती तिथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडचा माल पंचगंगेकाठी येत होता.

"समुद्राचा देव हितं काय करत हुता?" शेजारच्या नानांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "पूर बघाय आला आसंल."

नाना म्हणजे माजी सरपंच. दूध संघाच्या निवडणुकीत संस्थेतर्फे मत कोण देणार, त्याचे ठराव गोळा करण्यात हयात गेलेली. आले होते चहाला, झाले सिनेटर. ताई कॉन्सल, म्हणजे राज्याच्या दोन प्रमुखांपैकी एक झाली. भाच्याचा तालमीतला मित्र ट्रिब्यून, म्हणजे गोरगरिबांचा प्रतिनिधी. मी हट्टानं सेंच्युरियन झालो : ऐंशी शिपाई, तलवार, ढाल.

"मी तलवार उपसून शहरात शिरतो," मी जाहीर केलं.

"मामा, तुम्हाला आत येता येत नाही."

रोमला एक पवित्र हद्द होती आणि तिच्या आत हत्यारबंद फौज आणायला बंदी होती. खऱ्या रोममध्येही असंच होतं, असं भाच्यानं वर सुनावलं. म्हणजे सगळे आत आणि मी ऐंशी माणसं घेऊन वेशीबाहेर. खेळ खऱ्यासारखा वाटावा म्हणून माझी खुर्चीही गॅलरीत सरकवली. चहा आतल्यांना आधी.

आत सभा भरली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त. मागची सभा झालीच नव्हती, तरी त्यावर वाद झाला. ड्रॅगन होता विषय क्रमांक चार. तेवढ्यात गॅलरीत वही आली. "मामा, तुमचं अक्षर चांगलंय. प्रोसिडिंग तुम्हीच लिवा." हत्यार आत चालत नाही, कागद बाहेर चालतो.

मग नियमांची ओळख. कॉन्सल दोन, मुदत एक वर्ष, आणि एकानं ठरवलेलं दुसरा अडवू शकतो. ट्रिब्यूनचं तर आणखी भारी : त्यानं एकट्यानं 'नाही' म्हटलं की काम ठप्प. तालमीतल्या पोरानं हे ऐकलं आणि विषय एक अडवला, दोन अडवला, तीन त्यानं स्वतःच मांडला होता, तोही हाताला लागलेल्या सवयीनं अडवला.

मतदानाची पद्धत ऐकून नाना खुर्चीत सरळ बसले. मतदारांचे १९३ गट, त्यात श्रीमंतांचे गट आधी मत देणार, आणि बहुमत झालं की पुढच्यांना विचारायचंच नाही. "म्हंजे ठरावधारकच की! त्यास्नी आधी सहलीला न्याऊया." फासा टाकून सगळे श्रीमंत सहलीला गेलेसुद्धा. तोवर ड्रॅगननं दोन गावं खाल्ली.

युद्धाआधी पवित्र कोंबड्यांना दाणे टाकायचे. अधाशासारखे खाल्ले तर शुभ. इसवी सनापूर्वी २४९ मध्ये एका कॉन्सलच्या कोंबड्या खाईनात, तेव्हा त्यानं त्या समुद्रात फेकल्या : खात नाहीत तर पिऊ देत! आणि आरमार हरून बसला. मला आशा वाटली, की आता तरी कोंबड्या खातील आणि मी निघेन. नाना म्हणाले, "त्यात काय, आदल्या दिवशी उपाशी ठेवायच्या." भाचा गप्प झाला. रोमन खरोखरच तसं करत, त्यांच्याच सिसेरो नावाच्या वक्त्यानं त्याची टिंगलही केलीय. पण ताईनं शकुनाचा विषय पुढच्या सभेत ढकलला. तिला कोंबडी म्हटल्यावर पांढरा रस्सा आठवला आणि ती गॅस बघायला उठली. गणपूर्ती गेली.

शेवटी मी गॅलरीतून ओरडलो, "डिक्टेटर नेमा!" संकटात सहा महिन्यांसाठी एकाच्या हाती सगळं देत. सिनसिनाटसला तर नांगरावरून बोलावलं होतं. लढाई जिंकून तो पंधरवड्यातच राजीनामा देऊन शेतावर परतला, असं सांगतात.

"पंधरवड्यात? त्याच्यामागं गट नसंल," नाना म्हणाले. "आन् सहा म्हैनं एकालाच कशाला? सहा जणांत वाटू. म्हैन्याला एक." महापौरपद असं वाटून घेतलेलं बघितलेल्या गावात ह्याला कोण विरोध करणार? ट्रिब्यूनसुद्धा गप्प राहिला, कारण तिसरा महिना त्याचा होता.

विषय चार निघाला तो रात्री, रस्सा ओरपून झाल्यावर. ड्रॅगन आता वेशीवर आला होता. मी फासा उचलला.

"थांबा," नाना म्हणाले. "त्याच्या पोटात किती गावं हायत?"

"सात," भाचा.

"सात गावांची मतं हायत त्याच्याकडं. पॅनेलमध्ये घ्या."

ड्रॅगन बिनविरोध कॉन्सल झाला. कॉन्सलपुढं काठ्यांच्या जुड्या खांद्यावर घेऊन बारा रक्षक चालतात, तर त्यांतला पहिला मी, अशी शिफारस ताईनं केली. जुडीत कुऱ्हाड असते हे कळल्यावर मी वही टाकून उठलो. वेशीत पाऊल टाकणार, तोच भाचा म्हणाला, "मामा, हद्दीच्या आत कुऱ्हाड काढून ठेवावी लागती. नुसत्या काठ्या. आन् वही घेऊन या आत, सर्वानुमते लिहायचंय."