ऐच्छिक झाला म्हणून कोर्स टाळू नका

एका लेखात म्हटलंय की टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१पासून परवान्याशिवायही हँडगन जवळ बाळगता येते, मग परवान्याच्या कोर्सवर पैसे कशाला घालवायचे? मला हे अजिबात पटलं नाही. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. मागच्या वर्षी मी आणि बायकोने हा कोर्स केला.

वर्गात बहुतेक वेळ गेला तो कायद्यावर, भांडण हातघाईवर न येता कसं मिटवायचं यावर आणि घरातली बंदूक मुलांच्या हाती लागू नये म्हणून ती कशी ठेवायची यावर. ज्या बारचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येतं, तिथे '५१%' अशी लाल पाटी असते आणि आत बंदूक नेणं गुन्हा ठरतो. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं!

मग नेमबाजीच्या रेंजवर ५० गोळ्या झाडायच्या. ३ यार्डांवरून २०, ७वरून २०, १५वरून १०. पास व्हायला २५०पैकी १७५ गुण. समोर नुसता कागद, अंगावर कोणी धावून येत नाही, तरी १५ यार्डांवर माझा तळवा घामाने ओला झाला, हात थरथरायला लागला आणि एक गोळी कागदाला शिवलीसुद्धा नाही. रस्त्यात असतो तर ती कुणाला लागली असती, या विचाराने त्या रात्री झोप आली नाही.

दोघंही पास झालो. पिस्तूल कुलूपबंद पेटीत आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात. कमरेला लावून बाहेर पडायचं नाही, निदान इतक्यात तरी नाही, असं आम्ही ठरवलंय.