फास्टिंग नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही

उपाशीपोटी (फास्टिंग) साखर 100 च्या आत असली की निर्धास्त राहा असं शुगरच्या तपासण्यांवरच्या या लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. माझी तीन वर्षं फास्टिंग 92-96 च्या आसपासच यायची, आई आणि मामा दोघंही शुगरवाले, तरी मी रिपोर्ट फाइलला लावून मोकळी. मग डॉक्टरांनी 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला लावलं (इतकं गोड की मळमळायला लागलं, शेवटचे दोन घोट नाक दाबून गिळले), दोन तास लॅबच्या बाकावर बसले आणि आकडा आला 168. या टेस्टमध्ये 140 ते 199 म्हणजे प्रीडायबेटिस (डायबेटिसच्या उंबरठ्यावर), नुसत्या फास्टिंगवर राहिले असते तर कळलंच नसतं!

एचबीएवनसीचा (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) प्रीडायबेटिससाठी 5.7 ते 6.4 टक्क्यांचा पट्टा लेखात बरोबर दिलाय, पण अंगात लोह कमी असलं की तो आकडा उगाच वर दिसू शकतो, आणि आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन धड असतं सांगा? त्यावर एक ओळ तरी हवी होती. आणि वय, कंबरेचा घेर, व्यायाम, आईवडिलांची शुगर एवढ्यावर चालणारा इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर (शुगरचा धोका किती ते सांगणारे गुण) लेखातून कसा राहून गेला? त्याला तर सुईसुद्धा लागत नाही.