दहाच नग पाहिजेत म्हणून फसवायचं का?

काल पार्सल आलं. दहा नग एलएम१३७००, म्हणजे घरी सिंथ (सर्किटमधून सूर काढणारा सिंथेसायझर) बनवायला लागणारी चिप. पाकिटावर गोल शिक्का, 'टेस्टेड ओके'. आणि दहाच्या दहा बोगस.

अक्षरं बघूनच डोकं सणकलं. हल्लीच्या खऱ्या चिपवर नंबर लेझरने कोरलेला असतो, राखाडी, तिरप्या उजेडात धरल्याशिवाय धड वाचता येत नाही. इथं लग्नपत्रिकेसारखी पांढरी ठसठशीत छपाई. पहिल्या पायापाशी जो बारीक गोल खळगा असतो, तो काळ्या रंगाने अर्धा बुजलेला. घरातलं नेलपेंट काढायचं ॲसिटोन कापसावर घेतलं आणि चिपच्या पाठीवरून दोनदा फिरवलं. कापूस काळा, नंबर गायब. खाली पॉलिश पेपरने घासल्याचे आडवे ओरखडे, आणि एका चिपवर तर मूळ नंबराचे शेवटचे दोन आकडे अजून शिल्लक. ते शून्य-शून्य नव्हते.

तरी ब्रेडबोर्डवर लावून बघितल्या. १३७०० ला प्लस अकराव्या पायाला, मायनस सहाव्याला. पहिली लावल्या लावल्या इतकी तापली की बोट ठेववेना. दुसरी थंडगार, पण आवाज वाढवणारा बायस करंट कितीही वाढवा, आउटपुट ढिम्म. तिसरी पुन्हा तापली. म्हणजे दहाही चिपा एका जातीच्यासुद्धा नाहीत. सोळा पायांचं जे भंगार हाताला लागलं ते घासलं, रंगवलं, वर पाहिजे तो नंबर मारला आणि विकलं.

मी फोटो काढले, व्हिडिओ केला, काळा झालेला कापूस चिपच्या शेजारी ठेवून दाखवला. विकणाऱ्याचं उत्तर: "सर, आयसीवर केमिकल लावलेलं दिसतंय, रिटर्न होणार नाही." अरे, केमिकल लावल्याशिवाय तुझा रंग निघणार कसा? चोरी उघडी पाडली म्हणून चोरीचा माल परत घेणार नाही, हा कुठला न्याय? मी पुन्हा लिहिलं. तर म्हणे, "आमच्याकडून कॉलेजवाले शेकड्याने नेतात, कुणाची कम्प्लेंट नाही." नसणारच! कॉलेजातला आयसी झिरो पीसीबीवर, म्हणजे तयार भोकांच्या बोर्डावर, बसतो, व्हायव्हा होतो, प्रोजेक्ट कपाटात जातो. तो चालू करून बघतंय कोण? आणि शेवटचा मेसेज तर असा होता की माझं रात्रीचं जेवण गेलं नाही. "दहा नगासाठी किती मेसेज करता सर?"

दहा नग. हेच खरं दुखणं आहे. हजार नगांची फॅक्टरी असेल तर तुम्ही साहेब. दहा मागणारा म्हणजे रिकामटेकडा, त्याला काहीही गळ्यात मारा.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. चिपांचे साडेआठशे, कुरिअर वेगळं, वर १८ टक्के जीएसटी, आणि तो जीएसटी मी प्रामाणिकपणे भरलाय, नकली मालावर. पण त्याहून वाईट म्हणजे, मी ॲसिटोन लावलं नसतं तर काय झालं असतं? सिंथचा फिल्टर, म्हणजे सुराचा पोत बदलणारं सर्किट, बोलत नाही म्हटल्यावर माणूस आधी स्वतःच्या सोल्डरिंगवर संशय घेतो. ट्रॅक तपासतो, रेझिस्टन्स पुन्हा मोजतो, ट्रान्झिस्टर काढून बदलतो, सर्किटच चुकीचं काढलंय का म्हणून कागद घेऊन बसतो. नोकरी करून, पोरांचा अभ्यास घेऊन रात्री जो तासभर मिळतो तो असा जाळायचा. ही रात्र त्या माणसाच्या बिलात कुठं मोजली जाते?

आणि हा आयसी काही दुर्मीळ नाही. याच जातीचा जुना सीए३०८० बंद झाला, मान्य. पण १३७०० आजही बनतो. एका चिपमध्ये दोन अँप्लिफायर, ज्यांचा गेन, म्हणजे आवाज मोठा करायचं प्रमाण, करंटने कमी-जास्त करता येतो. व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा भाग) त्याच्यावर, फिल्टर त्याच्यावर, निम्मा सिंथ त्याच्यावर. चालू उत्पादनातली चिप, आणि अंबाजोगाईत बसलेल्या माणसाला ती खरी मिळू नये?

गावात मिळत नाही, हे धरूनच चालतो आम्ही. पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका होते. त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात बीसी५४७, बीसी५५७ ट्रान्झिस्टर, पॉलिस्टर कंडेन्सर, सगळं असायचं, आणि एक मागा नाहीतर चार, ते मोजून कागदाच्या पुडीत द्यायचे. आता त्या गाळ्यात मोबाइलचे टेम्पर्ड ग्लास. मग लातूर गाठायचं. तिथल्या पार्ट्सच्या दुकानात शिरा, समोर भिंतभर आर्डुइनो, अल्ट्रासॉनिक सेन्सर, मोटर ड्रायव्हर आणि मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर. स्मार्ट सिंचनाचा प्रोजेक्ट केला नाही असं एकही इंजिनिअरिंगचं पोरगं या मराठवाड्यात नाही, आणि दुकानं त्यांच्यासाठीच चालतात. टीएल०७२ हा साधा अँप्लिफायरचा आयसी मागितला तर आधी उलटा प्रश्न: "मालक, तुम्ही नेमकं बनवायलाव काय?" मी काय बनवायलोय ते सांगून त्याला काय करायचंय? नंबर सांगितला, आहे की नाही एवढं सांग! सिंथ म्हटलं की, "मंग कॅसिओच घ्या ना सर, दोन-तीन हजारात मिळतो."

हे 'कॅसिओच घ्या' ऐकून ऐकून कान किटले. मेहुणा म्हणतो, शेजारी म्हणतात, बँकेतला सहकारी म्हणतो. विहीर खोदणाऱ्याला कुणी 'बिसलेरीच घ्या' म्हणत नाही.

व्हॉल्यूमच्या पॉटचं, म्हणजे खुंटी फिरवून बदलायच्या रेझिस्टन्सचं, प्रकरण तर वेगळंच. मला १०० के (एक लाख ओहम) लॉग पाहिजे असतो, कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटावं असा. ए१००के. दुकानदार बी१००के, म्हणजे लिनिअर, काढून देतो आणि वर सांगतो, दोन्ही एकच असतं. एकच कसं असेल? मीटर लाव, खुंटी बरोबर मध्यावर आण, मधल्या पायापासून कडेच्या पायापर्यंत मोज. लिनिअर असेल तर पन्नास हजार ओहम. लॉग असेल तर एका कडेने दहा-पंधरा हजाराच्या आसपास. आवाजाला लिनिअर लावला की पहिल्या पाव फेऱ्यातच सगळा आवाज उघडतो आणि उरलेली खुंटी नुसती फिरवायची. हे मी काउंटरवर मीटर लावून दाखवलंय. तो बघतो, मान हलवतो आणि तोच पॉट पाकिटात घालतो, कारण त्याच्याकडे दुसरा नाहीच. ऑनलाइन मागवा, तर चित्रात ए, पाकिटावर ए, आणि मोजला की पन्नास हजार.

वायर खोचायच्या जॅकची तीच रड. ३.५ मिलिमीटरचा मोनो, आत स्विच असलेला, पॅनलला नट लावून बसणारा, एवढीच मागणी. दुकानात एक इअरफोनचं ईपी सॉकेट मिळतं, स्टिरिओ, बोर्डावर आडवं झोपणारं, ज्याला नटच नाही. नाहीतर थेट पी-३८, मंडपातल्या मायकाचा. मधलं काही नाहीच.

आता स्वस्तात सिंथ शिकवणाऱ्या व्हिडिओवाल्यांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा जुना राग आहे. व्हिडिओचं नाव 'पाचशे रुपयांत सिंथ'. मग तो गोरा माणूस टेबलाखालचा ड्रॉवर उघडतो आणि म्हणतो, हे तर तुमच्याकडे पडूनच असेल. काय पडून असेल? माझ्याकडे सोयाबीनचं पोतं पडून असतं! पॉट, नॉब, जॅक, ट्रान्सफॉर्मर, पेटी, यातलं काहीच तो हिशेबात धरत नाही. खरा हिशेब असा आहे. एका सीडी४०१०६ मध्ये सहा ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे भाग, निघतात, आयसी पंचवीस-तीस रुपयांची. पण सहा ऑसिलेटर म्हणजे सहा पॉट, सहा नॉब, सहा जॅक. ते चारशेच्या वर जातात. मग पॅनल. मग पेटी. मेंदू सगळ्यात स्वस्त, हातपाय महाग. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही, आणि नवीन पोरं आयसीची किंमत बघून उडी मारतात आणि अर्ध्यात सोडून देतात.

आणि ते सहाशे रेझिस्टन्सचे किट! तीस प्रकार, प्रत्येकी वीस. सिंथमध्ये लागतात १०० के आणि १० के, लागतात म्हणजे मुठीने लागतात. ते वीस-वीस पहिल्याच दोन बोर्डांत संपतात आणि उरलेलं किट तसंच पडून राहतं. पाय तर लोखंडाचे, चुंबक लावला की चिकटतात.

पॉवर सप्लायचं पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचं नाही. सिंथला प्लस बारा आणि मायनस बारा लागतात. सगळे सांगतात १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घ्या, ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर लावा, झालं. २३० व्होल्ट येत असतील तर झालं! आमच्याकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी १८० सुद्धा येत नाहीत. मग १२ व्होल्टाच्या वाइंडिंगला साडेनऊ पण नीट मिळत नाहीत. रेक्टिफाय करून (एसीचं डीसी करून) कसेबसे साडेबारा होतात, आणि ७८१२ ला स्वतःसाठीच वरचे दोन व्होल्ट लागतात. रेग्युलेटर हात टेकतो, सप्लायवर शंभर हर्ट्झची घरघर चढते आणि सूर खाली घसरतो. म्हणून १५-०-१५ पाहिजे. आणि १५-०-१५ कुठल्याही दुकानात नाही! "बाराचाच चालतो सर, सगळे तोच नेतात." सगळे तोच नेतात, म्हणून मीही बेसूर वाजवायचं का?

उन्हाचंही तेच. कंट्रोल व्होल्टेज एक व्होल्ट वाढलं की सूर बरोबर एक सप्तक वर जायला पाहिजे. ते काम करणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट तापमानाला बांधलेलं, एका अंशाला साधारण ०.३३ टक्का. मे महिन्यात पहाटे सव्वीस-सत्तावीस आणि दुपारी बेचाळीस, म्हणजे पंधरा अंश, म्हणजे पाच टक्के. प्रत्येक सप्तकामागे ६० सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं निम्म्याहून जास्त अंतर! याला इलाज म्हणून एक खास रेझिस्टन्स असतो, जो तापला की त्याच प्रमाणात वाढतो. तीन-चार मिलिमीटरची वस्तू. ती परदेशातून मागवायची. भाडं वस्तूच्या कितीतरी पट. वर आधार द्या, पॅन द्या, केवायसी करा. मग ड्यूटी. मग ड्यूटी आगाऊ भरली म्हणून कुरिअरवाल्याचं वेगळं शुल्क, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. आणि शेवटी फोन येतो, तुमच्या गावाला डिलिव्हरी नाही, बीडला येऊन घेऊन जा.

या देशाला सिंथ नवीन असता तर गप्प बसलो असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचा मॉड्युलर सिंथ आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथं स्टुडिओ उभा करून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत तो सिंथ बनवणाऱ्या रॉबर्ट मूगला त्याच्या लॅडर फिल्टरचं पेटंट मिळालं. पन्नास वर्षं उलटून गेली. तो फिल्टर साध्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर चालतो, मी बीसी५४७ मधून मोजून मोजून जोड्या लावून तो बनवलाय आणि तो सुरेख वाजतो. उसाच्या ट्रॅक्टरसारखा घुमतो की बासरीसारखा उघडतो ते खुंटीवर. हे सुख काय असतं ते 'कॅसिओच घ्या' म्हणणाऱ्याला कळणार नाही, आणि घासलेली चिप विकणाऱ्याला तर त्याहून नाही.

पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जा, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत जा, असं सगळे सांगतात. जातो की. पण दरवेळी एसटीचं भाडं आणि एक रजा घालून शंभर रुपयांचे पॉट आणायचे, तर त्या पॉटची किंमत काय झाली? घाऊकवाला म्हणतो, कमीत कमी शंभर नग.

तर आता असं करू. बीड, लातूर, परभणी, नांदेड, धाराशिव, जालना, कुठंही कुणी हा उद्योग करत असेल तर कळवा. १०० के लॉग, मोनो स्विचवाले जॅक, १५-०-१५ चे ट्रान्सफॉर्मर, किती किती पाहिजेत ते सांगा. शंभराची अट आहे ना, शंभर भरवू. यादी मी करतो, गुजराती गल्लीत मी जातो, आणि मीटर बरोबर नेतो. काउंटरवर उभा राहून एकेक पॉट मध्यावर आणून मोजणार, आणि पन्नास हजार दाखवणारा एकही घेणार नाही. दुकानदार ओरडला तर ओरडू दे.